कमरेच्या ऑपरेशननंतर: घरी आल्यापासूनचे पहिले तीन महिने

ऑपरेशनला १९ दिवस झाले होते. पायातली कळ पूर्ण गेली होती, टाके निघाले होते आणि कित्येक महिन्यांनी मी सकाळी गुणगुणत गच्चीवर गेले होते. दोरीवरचा एक चिमटा खाली पडला. मी सवयीने, गुडघे न दुमडता, वाकून तो उचलला आणि कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत अशी वीज गेली की दहा मिनिटं कठडा धरून उभी होते. डॉक्टरांनी तपासलं. पायातली ताकद शाबूत होती, आठेक दिवसांत कळही उतरली. माझं नशीब. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, दुखणं गेलंय, पण जखम अजून भरायची आहे."

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. मी तासगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझी एल५-एस१ची, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामधली, गादी सरकली होती आणि मिरजेत मायक्रोडिस्केक्टॉमी झाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून बघत गादीचा बाहेर आलेला तुकडा काढणं. खाली लिहिलंय ते मुख्यतः या ऑपरेशनबद्दल. स्क्रू-रॉड टाकून मणके जोडलेले असतील तर हिशेब वेगळा, त्याबद्दल पुढे आहे. आणि तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. बंधनांबाबत सर्जनांमध्ये खरोखर मतभेद असतात, काही जण पहिल्या आठवड्यापासून बरीच मोकळीक देतात. पण त्यांनी तुमची गादी पाहिलेली असते, मी नाही.

आत नेमकं काय झालेलं असतं

कमरेत पाच मणके, त्यांच्यामध्ये गाद्या. गादीचं बाहेरचं कडं चिवट, आतला गर मऊ. कडं फाटून गर मागे आला की नस दाबली जाते आणि दुखतं पायात. बहुतेक वेळा हे शेवटच्या दोन गाद्यांत होतं, एल४-एल५ नाहीतर एल५-एस१. सर्जन दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन नसेवर आलेला तुकडा काढतात. उरलेली गादी जागच्या जागी राहते, आणि तिच्या कड्याला पडलेलं भोकही राहतं. ते शरीर हळूहळू वण तयार करून बुजवतं, त्याला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात गादीवर जोर आला तर त्याच भोकातून आणखी गर बाहेर येऊ शकतो. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना त्याच जागी पुन्हा त्रास होतो.

जोर म्हणजे किती, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. विल्के नावाचे जर्मन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीतच दाबमापक बसवला होता. १९९९ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. पाठीवर झोपल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, पुढे वाकल्यावर १.१ आणि पाठ वाकवून २० किलो उचलल्यावर २.३. शेवटचा आकडा चारचाकीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या दहापट आहे. माझा चिमटा काही ग्रॅमचा होता, पण वाकले म्हणजे कमरेच्या वरचं अख्खं शरीर मी त्या गादीवर तोलून धरलं होतं.

म्हणून पहिल्या सहा आठवड्यांचे नियम तीनच: कमरेतून वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. पाण्याने भरलेली कळशी, गॅसचं सिलिंडर, पाच लिटरचा कुकर, नातवंड, सगळं यात आलं.

दवाखान्यात जाण्यापूर्वी घर लावा

हे आधी करा. नंतर घरातल्यांना सांगत बसलात तर "बघू उद्या" होतं.

आपली घरं वाकण्यासाठीच बांधलेली आहेत. डब्यांचे खालचे कप्पे, जमिनीवरचं देवघर, न्हाणीघरातली बादली. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणा: चहा-साखर, औषधं, चार्जर, रोजचे कपडे. पलंग असा हवा की कडेला बसल्यावर पावलं जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाणार नाहीत. कापसाची घट्ट गादी चांगली. सतरंजीवर झोपण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतील, पण सतरंजीवरून उठायचं कसं ते त्यांना विचारा.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची आणून ठेवा. कमोड असेल आणि बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. पहिले दीड-दोन महिने उकिडवं बसणं नाहीच.

अंघोळ ही मला न सुचलेली अडचण. बादली जमिनीवर आणि आपण उभे, म्हणजे प्रत्येक तांब्याला वाकणं. माझ्या नवऱ्याने बादली एका स्टुलावर चढवली आणि मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. ती घसरू नये म्हणून खाली रबरी चटई टाकली. दात घासताना बेसिनवर वाकायचं नाही, हातात मग घेऊन चूळ त्यात टाकायची. घालायला मॅक्सी किंवा पुढून उघडणारे कपडे ठेवा. साडीच्या निऱ्या खोचायच्या नादात मान आणि पाठ आपोआप वाकते, म्हणून महिनाभर साडी नाही. चपला मागे पट्टा असलेल्या, पण वाकून बंद न लावता पाय सरकेल अशा. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो. मी तो १९व्या दिवसानंतर घेतला.

दवाखान्यातले एक-दोन दिवस

ऑपरेशन पालथं झोपवून, बहुधा पूर्ण भूल देऊन होतं. शुद्धीवर आल्यावर चेहरा थोडा सुजलेला असतो आणि नळीमुळे घसा खवखवतो. दोन्ही एक-दोन दिवसांत जातं, घाबरू नका. बऱ्याच जणांना पायातली कळ त्याच संध्याकाळी गेलेली जाणवते. बधिरपणा आणि मुंग्या मात्र राहतात. दबलेली नस फार सावकाश दुरुस्त होते, तुटलेला तंतू वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. त्यामुळे तळपायाची जाणीव परतायला महिने लागले तर ऑपरेशन फसलं असं नसतं.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी फिजिओथेरपिस्ट उभं करतात. नको म्हणू नका. लघवीची नळी काढल्यावर स्वतःहून लघवी होते ना, हे घरी सोडण्याआधी नर्सला आवर्जून सांगा. पडल्या पडल्या दर तासाला दोन्ही पावलं वर-खाली हलवत राहा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

डिस्चार्जच्या घाईत हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या: टाके विरघळणारे आहेत की काढायचे आणि कधी? अंघोळ कधीपासून? पट्टा लावायचा का, किती दिवस? आणि रात्री काही झालं तर फोन कोणत्या नंबरवर? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्या असतील तर त्या कधी सुरू करायच्या, हा पाचवा.

घरी येताना गाडीची पुढची सीट मागे झुकवून बसा. आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. उतरताना उलट. गतिरोधकांवर चालकाला सांगायला लाजू नका. रिक्षा नको, दुचाकीचं तर नावच नको.

उठायचं कसं

हे ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या, दिवसातून वीस वेळा लागतं. पाठीवर झोपलेल्या माणसाने सरळ उठून बसणं बंद. दोन्ही गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोळतो तसे कुशीवर वळा. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच क्षणी खालचा कोपर आणि वरचा हात रेटून अंग वर घ्या. कडेवर अर्धा मिनिट बसा, चक्कर येत नाही ना बघा, मग पायांवर जोर देऊन उभं राहा. झोपताना हेच उलट क्रमाने. कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली.

शिंक आली तर? उशी पोटाशी घट्ट धरा, उभे असाल तर भिंतीला हात लावून गुडघे किंचित वाकवा. फोडणीच्या ठसक्यापासून मात्र लांब राहिलेलंच बरं.

पहिले दोन आठवडे

या काळातलं औषध म्हणजे चालणं. पहिल्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. रोज एक-दोन मिनिटं वाढवा. जागा सपाट हवी. जिना चालतो, कठडा धरून: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दुसऱ्या दिवशी पाय जास्त दुखला तर वाढवलेलं परत कमी करा, पण थांबू नका. तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सूज आल्यामुळे पायात थोडी जुनी कळ डोकावते. मला चौथ्या रात्री रडू आलं होतं, सहाव्या दिवशी ती गेली.

बसणं एका वेळी वीस मिनिटं, ताठ पाठीच्या खुर्चीत, कमरेच्या खाचेत गुंडाळलेला टॉवेल ठेवून. सोफ्यात रुतून बसलं की कंबर गोल होते आणि गादीच्या मागच्या, म्हणजे फाटलेल्या बाजूवर ताण येतो. जेवणही खुर्ची-टेबलावर किंवा ओट्यापाशी उभ्याने. मांडी घालून पाटावर नाही.

आणि आता भेटायला येणाऱ्यांचं. माझ्या अनुभवात पहिल्या पंधरवड्यात सर्वांत जास्त नुकसान पाहुणे करतात, तेही मायेने. माणूस सफरचंद घेऊन येतो, आपण संकोचाने उठून सोफ्यावर बसतो, चहा होतो, त्यांच्या आतेभावाच्या कमरेची गोष्ट निघते आणि तास जातो. मी तिसऱ्या दिवशी ठरवलं की येईल त्याच्याशी पलंगावर पडून बोलायचं. सासूबाईंना आधी ते बरं दिसेना. मग त्यांनीच दाराशी सांगायला सुरुवात केली, "तिला बसायची बंदी आहे, काकू." वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कारही बंद, हात जोडा. कुणी रागावत नाही. पाहुण्यांसोबत येणारे सल्ले ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत. हाडवैद्याकडून मणका "बसवून" घेणं आणि ताज्या जखमेजवळ तेलाचं मालीश, या दोन गोष्टी मात्र हसून नाही, स्पष्ट नाही म्हणाव्यात. डिंकाचे लाडू खा की. फक्त या ऑपरेशनमध्ये हाडाला फारसा हात लागलेला नसतो आणि पोट आधीच साफ होत नसतं, तर बेतानेच.

पोटाचं सविस्तर सांगते, कारण दवाखान्यात ते घाईत उरकतात. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतंच, त्यात हालचाल कमी. कुंथलं की कमरेत कळ येते, मग माणूस जाणंच टाळतो आणि आणखी घट्ट होतं. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पपई, पालेभाजी, रात्री इसबगोल. दोन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना विचारून रेचक घ्या, तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

गोळ्यांची एक मेख: पॅरासिटामॉल अनेक वेदनाशामकांत आधीच मिसळलेलं असतं, ट्रॅमाडॉलच्या किंवा एसिक्लोफेनॅकच्या गोळीतही. त्यावर तापासाठी आणखी एक घेतली की मात्रा नकळत वाढते. २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. पाकिटावरची बारीक अक्षरं मुलाकडून वाचून घ्या. नसेसाठी दिलेलं प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन झोप आणतं, रात्री उठताना दिवा लावूनच उठा. आणि बरं वाटलं म्हणून ते एकदम बंद करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

जखम कोरडी ठेवायची. हळद, तूप, पावडर काही लावायचं नाही. ती आपल्याला दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी रोज एकाच वेळी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. लाली वाढतेय का ते फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर कळतं. काढायचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर काटेकोर सांभाळा.

या वेळी वाट बघू नका

- लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली. ही काही तासांत उपचार हवेत अशी स्थिती आहे, रात्री दोन वाजता असली तरी निघा.
- पाऊल उचलेना झालं, पाय नव्याने लुळा पडू लागला.
- ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, थंडी वाजणं, जखमेतून पू किंवा वास.
- जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव, किंवा बसल्या-उभ्या डोकं फुटेल असं दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं.
- एका पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ लावा.

हा भाग फ्रिजवर चिकटवा. रुग्णाला स्वतःला त्या वेळी सुचत नाही.

तिसरा ते सहावा आठवडा

धोक्याचा काळ हा. दुखत नाही, झोप लागते, घरातल्यांचीही सहानुभूती ओसरलेली असते. "आता बरी दिसतेस की" असं कुणी म्हणालं की आपला हात झाडूकडे जातो. लादी पुसणं, कपाटाचा खालचा कप्पा आवरणं, कणीक तिंबणं, वॉशिंग मशीनमधून ओले कपडे काढणं, हे सगळं अजून दुसऱ्या कुणाचं. ओट्यापाशी उभं राहून भाजी चिरणं, चहा, फोडणी ही कामं चालतात, एक पाय छोट्या पाटावर आलटूनपालटून ठेवून. त्याने कमरेला आराम पडतो.

चालणं एका दमात ३० ते ४० मिनिटांपर्यंत न्या. फिजिओथेरपी या काळात सुरू होते: पोटाचे आतले स्नायू हलके आवळणं, पाठीवर झोपून कंबर गादीला टेकवणं, नस मोकळी करणारे व्यायाम. मोबाइलवर बघून स्वतःच्या मनाने भुजंगासन, हलासन, सूर्यनमस्कार सुरू करू नका. योगासनं करणाऱ्यांना हे सर्वांत जड जातं, मलाही गेलं. बैठं काम असेल तर डिस्केक्टॉमीनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांत कामावर जाता येतं, दर अर्ध्या तासाला उठण्याच्या अटीवर. शेतातलं, हमालीचं, ओझ्याचं काम तीन महिन्यांच्या आत नको. चारचाकी चालवण्याआधी दोन गोष्टी बघा: झोप आणणारी गोळी बंद झाली आहे आणि ब्रेक जोरात दाबताना पायात कळ येत नाही. आपल्याकडच्या खड्ड्यांत दुचाकीला त्याहून बराच जास्त वेळ द्या. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल विचारायला लाज वाटते म्हणून लिहिते: जखम भरल्यावर, दुखत नसेल तेव्हा, कमरेवर भार न येणाऱ्या स्थितीत हरकत नसते. तरी डॉक्टरांना विचारा, त्यांना या प्रश्नाची सवय असते.

मेडिक्लेम असेल तर फिजिओची आणि औषधांची बिलं प्रिस्क्रिप्शनसह जपून ठेवा. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० किंवा ९० दिवसांचा खर्च मिळतो.

मणके जोडले असतील तर

फ्यूजनमध्ये स्क्रू आणि रॉड फक्त तात्पुरते धरून ठेवतात, खरा जोड हाडाचा व्हायचा असतो. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून दवाखान्यातला मुक्काम, पट्टा, बंधनं, सगळंच लांबतं आणि मधूनमधून एक्स-रे होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक गटाच्या गोळ्या हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात, त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि तंबाखू. आमच्या भागात बायका मिश्री लावतात आणि "मी काही ओढत नाही" असं डॉक्टरांना सांगतात. निकोटिन हिरडीतूनही रक्तातच जातं, हाडाचा रक्तपुरवठा कमी करतं आणि जोड कच्चा राहण्याची शक्यता वाढवतं. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून मिश्री, तंबाखू, बिडी, सगळं बंद. आईला किंवा सासूबाईंना ऑपरेशनला नेत असाल तर हे तुम्हीच डॉक्टरांसमोर बोला.

पुन्हा जमिनीवर

डॉक्टरांनी परवानगी दिली की, माझ्या बाबतीत बाराव्या आठवड्यात, खाली बसायचा पहिला प्रयत्न एकट्याने करू नका. शेजारी न सरकणारी जड खुर्ची ठेवा. तिच्यावर हात टेकून एक गुडघा जमिनीला लावा, मग दुसरा, मग एका कुशीवर बसा. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर या, बळकट पाय पुढे घेऊन पाऊल टेकवा आणि खुर्चीवर जोर देऊन उभं राहा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरेत. खाली सतरंजी घाला, फोन हाताशी ठेवा.